चिमुकलं काडतूस

अठ्ठावीस वर्षं शिकारी टोळीसाठी नुसती कॉफी केल्यावर यंदा वेर्मलांडच्या जंगलात गुनवोरला पहिल्यांदाच स्वतःचं मचाण मिळालं. निघताना टोळीचा म्होरक्या फोल्केने तिच्या काडतुसाशेजारी आपलं जाडजूड काडतूस उभं केलं. "अगं, तुझ्या या चिमुकल्याने मूस हरीण मरायचं नाही, फार तर शिंकेल!" सगळे खो खो हसले.

दुपारी फोल्केच्या दोन गोळ्या चुकवून आलेला मूसचा दांडगा नर तिने एकाच गोळीत आडवा केला.

संध्याकाळी मांसाचे वाटे घालताना, कुणीतरी आपलं नाव घेईल म्हणून ती घुटमळत राहिली. फोल्केने सुरी पुसली.

"चला, वाद मिटला. काडतुसात काही नसतं, सगळी जागेची करामत. पुढच्या वर्षी त्या मचाणावर मी बसणार."