सोळावा खांब

पंधरा खांबांशी पंधरा जण उभे होते. सोळाव्याशी कोणी नव्हतं. धाकटा नावेतून उतरला, चपला हातात घेतल्या आणि चिखलातून जमेल तितक्या सावकाश चालत आला. सात वर्षांनी तो भावाच्या दारात येत होता आणि नेमकं आज ते दारच जागा सोडून निघालं होतं.

नदीने काठ कुरतडत आणला होता. खांबांवरच्या घराच्या शिडीपासून पाणी चार पावलांवर आलं होतं. जंगलातल्या या वस्तीत असं झालं की घर मोडत नाहीत, उचलून मागे नेतात. म्हणून तर खांब जमिनीत पुरत नाहीत, सपाट दगडांवर उभे करतात. आदल्या दिवशी छपराचं गवत उतरवायचं, प्रत्येक खांबाला खांद्याच्या उंचीवर आडवा बांबू बांधायचा आणि खांबामागे एक माणूस. दादाचा निरोपही तेवढाच होता : "सोळा खांब आहेत. एक माणूस कमी आहे."

धाकट्याला घराचे पंधराच खांब आठवत होते. घर वाढवलं असेल, त्याने मनाशी म्हटलं. आपल्याला कोण विचारणार!

भांडण खिळ्यांवरून झालं होतं. एका गिऱ्हाईकाच्या घराला धाकट्याने वेताने बांधायच्या जागी सरळ खिळे ठोकले. काम झटपट उरकलं, पण बांबू खिळ्याने फाटतो आणि वेताने बांधलेलं घर पुरात डोलतं तसं खिळ्यांचं डोलत नाही. पहिल्याच पुरात त्या घराची बांबूची जमीन उकलली. दादा म्हणजे नदीकाठचा नावाजलेला घरबांध्या. त्याच्या सांध्यात नख शिरेल एवढी फट सापडायची नाही. तो चारचौघांत म्हणाला, "यापुढे घराला हात लावू नकोस." शब्दाने शब्द वाढला. धाकटा शहरात खिडक्यांच्या कारखान्यात लागला तो लागलाच.

आज घरून निघतानाही त्याचा पाय उचलत नव्हता. माणूस कमी पडला म्हणून बोलावलंय, मी हवा म्हणून नाही, हेच डोक्यात घोळत होतं. शेवटी बायकोने पिटाळलं. "मजूर म्हणून बोलावलंय ना? मग मजुरी करून या. पण जा."

"आलास?" दादा म्हणाला. त्याने नीट वर पाहिलंसुद्धा नाही. "मागच्या ओट्याखालचा तुझा."

धाकट्याने बांबूखाली खांदा घातला. दादाने आरोळी दिली आणि घर उठलं. जायचं होतं साठ पावलं. विसाव्या पावलालाच पुढच्यांची तोंडं लाल झाली. शेजारचा नावाडी धापा टाकत शिव्या घालत होता. वहिनीने पदर खोचून दात आवळले होते. धाकट्याला मात्र घाम फुटेना.

"शहरचं पाणी मानवलंय भावजींना!" वहिनी तशातही म्हणाली.

तो शरमला. आपण अंगचोरपणा करतोय असं लोकांना वाटेल, म्हणून त्याने खांदा जोरात वर रेटला. खांब टक्कन वरच्या तुळईला आपटला.

"उगाच जोर करू नकोस!" दादा पुढून ओरडला.

घर नव्या दगडांवर टेकलं तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जो तो जमिनीवर पसरला. धाकटा मात्र वाकून घराखाली शिरला. खांबाचा माथा आणि तुळई यांच्यामध्ये त्याने करंगळी घातली. आरपार गेली. वरून वेताचा सैलसा वेढा, बाकी काही नाही. दादाच्या हातचं काम आणि ही एवढी फट!

तो बाहेर आला तेव्हा दादा सोडलेला वेत गुंडाळत होता.

"दादा, त्या खांबावर काही भारच नाही."

"नाही."

"म्हणजे पंधरा जणांत घर आलं असतं."

"आलं असतं की."

"मग हा सोळावा कशाला?"

दादा वेताची गाठ उगाचच पुन्हापुन्हा बघत राहिला.

"तू गेलास त्याच वर्षी बसवला. बोलवायला काही निमित्त नको? ही नदी इथवर यायला सात वर्षं लावेल असं कुठे वाटलं होतं!"