सीलबंद प्रत

"वहिनी, त्या हेरपटाचं परीक्षण गटावर टाकू नका. कंपनी परीक्षणासाठी पुढच्या फुकट डिस्क पाठवायची नाही," सिनेमांच्या डिस्क जमवणाऱ्या आमच्या गटाचे प्रमुख सबनीसकाका फोनवर म्हणाले.

मांडीवर लेक नुकती झोपली होती. मी हळूच म्हणाले, "काका, जुन्या डीव्हीडीत हेर टेबलाखालून चिठ्ठी देतो. नव्या ब्लू-रेत रुंद टीव्ही भरायला चित्र खालून कापलंय. चिठ्ठीच गेली."

"तान्ह्या बाळापायी तुमचंच लक्ष नसेल."

"हिच्या एकेका झोपेत थोडा थोडा करून तीनदा पाहिलाय. तुम्ही?"

"मी सील फोडत नाही. संग्रहातली प्रत आहे."

"मग आता फोडा," म्हणून मी फोन ठेवला. लेकीच्या मुठीतलं बोट न सोडवता दुसऱ्या हाताने दोन्ही डिस्कमधली त्या दृश्याची चित्रं शेजारीशेजारी लावली आणि परीक्षण गटावर टाकलं.