टेबलाला बूट

"जरा घट्ट धर गं, हलतंय," नवरा म्हणाला, आणि तिने स्वतःच्याच टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरला.

टेबल खोलीच्या मधोमध उलटं पडलं होतं, चारही पाय छताकडे. नवऱ्याने गल्लीतल्या सुताराकडून करवत मागून आणली होती. मीच येऊन कापून देतो, असं सुतार म्हणाला होता. पण नवरा पडला हौशी. पोरांची शाळा मी माझ्या हातांनी उभी करणार, असं त्याने ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलेलं. आता माघार घ्यायची सोय नव्हती.

सोमवारपासून घरातच शाळा. भिंतीवर फळा लागला होता, रंगीत खडू आले होते, मुळाक्षरांचा तक्ता खिळ्याला लटकत होता. राहिलं होतं ते पोरांचं, जमिनीवर मांडी घालून लिहायचं बुटकं टेबल. घरात टेबल एकच, तिचं, कापड बेतायचं. चांगलं तिच्या कंबरेच्या वर येणारं. ते करताना सुताराने तिला उभं करून, कोपर वाकवायला लावून माप घेतलं होतं. बेतायचं काम उभ्यानेच होतं. वाकून कात्री चालवली की पाठ तर जातेच, वर कापडाचाही सत्यानाश.

"त्यांच्यासाठी एखादं छोटं टेबल आणलं तर?" तिने पुन्हा एकदा विचारून पाहिलं.

"आणून ठेवायचं कुठे? माझ्या डोक्यावर?" नवरा हसला. "आणि तू दिवसभर शिकवणार म्हटल्यावर हे वापरणार कोण? गिऱ्हाइकांना सांगून टाकलंय मी, बाईंनी शिवण बंद केलं म्हणून."

"सांगूनसुद्धा टाकलंत?"

"मग? उगाच दारात ताटकळायला नकोत बिचारी."

त्याचं बरोबर होतं. तेच तर वाईट होतं. मोठीला शाळेचं फाटक दिसलं की उलटी व्हायची, रोजच्या रोज. जळली ती शाळा, मी शिकवीन माझ्या लेकरांना, हे तिच्याच तोंडून निघालेलं, डोळे पुसत पुसत. कुणी जबरदस्ती केली नव्हती. आता मोठी पोटभर जेवत होती, धाकट्याशी भांडत होती, गालांवर रंग आला होता. आता कुठल्या तोंडाने म्हणायचं, की अहो, मला कापड बेतायचंय, त्यावाचून माझा जीव गुदमरेल?

करवत सुरू झाली. लाकूड जुनं, पक्कं, लवकर दाद देईना. भुसा तिच्या मांडीवर सांडत राहिला. पायाची थरथर तिच्या मुठीतून पार खांद्यापर्यंत जात होती. पहिला तुकडा ठक्कन फरशीवर पडला आणि धाकट्याने टाळ्या वाजवल्या.

नवरा खुणा डोळ्यांनीच करत होता. तिच्या गळ्यात, सवयीने, मापाची टेप लटकत होती.

"टेप देऊ का?"

"अगं, नजर आहे माझी."

नजर होती म्हणूनच की काय, सुलटं केल्यावर टेबल डुगडुगलं. "अरेच्चा! हा पाय लांब राहिला." पुन्हा उलटं केलं, लांब पायाची चकती कापली. मग दुसराच पाय लांब झाला. त्याचीही चकती. मग तिसरा रुसला. नवऱ्याचा शर्ट घामाने भिजला, टेबल खाली खाली जात राहिलं.

"बाबा, अशानं टेबल संपून जाईल!" मोठी म्हणाली आणि सगळे पोट धरून हसले. तीही हसली. हसता हसता तिने मांडीवरचा भुसा झटकला.

शेवटी एकदाचं टेबल टेकलं. नवऱ्याने त्यावर हात आपटून पाहिला. "बघ! जमलं की नाही? थांब, करवत परत देतो आणि त्या सुतारालाच घेऊन येतो बघायला." तो निघालासुद्धा.

धाकटा तुकडे आणि चकत्या गोळा करत बसला होता. प्रत्येक पायाजवळ तो ज्याचं त्याचं लाकूड नेऊन ठेवत होता.

"आई, ह्याला बूट घालू या?"

"कुणाला रे?"

"टेबलाला. ते अनवाणी आहे. तू उचल ना."

खरं तर तिने नको म्हणायला हवं होतं. तिने एक कोपरा उचलला. त्याने तुकडा सरकवला. चकती आधी घालायची, ते मोजे, असं त्याने समजावून सांगितलं. मग दुसरा कोपरा, मग बाकीचे. टेबल हळूहळू वर आलं.

ती उभी राहिली. हात आपोआप टेबलावर गेले. कोपर बरोबर तिथेच आलं, जिथे रोज यायचं. तिने तळवा लाकडावरून सावकाश फिरवला, ताग्यातलं कापड पसरताना फिरवायची तसा. उजवा हात कात्रीसाठी बाजूला गेला. कात्री कालच तेल लावून, फडक्यात गुंडाळून कपाटावर गेली होती. तरी हात तिथेच राहिला. टेबल बारीक थरथरत होतं. तिने श्वाससुद्धा जपून घेतला.

मोठी केव्हाची टेबलाजवळ मांडी घालून बसली होती, पाटी मांडीवर, वेणी घट्ट बांधलेली. तिने हात वर करून पाहिला. बोटं कशीबशी टेबलाच्या कडेला लागली.

"आई, खाली घे ना गं," ती म्हणाली. "आमचा हात पोचत नाहीये."

"हो गं बाळा, घेते," ती म्हणाली आणि बूट काढायला गुडघ्यांवर बसली.