चढावरचा लाल दिवा

रविवारी सकाळी सव्वासहाला, पुरतं उजाडायच्या आत, सायकलींचा जथा टेकडीच्या चढाला लागला. नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे चष्मेवाला, आणि त्याच्याही मागे त्याची बायको.

चष्मेवाल्याला ग्रुपमध्ये 'शोरूम' म्हणत. त्याच्या सायकलवर सतत काहीतरी नवं चढलेलं असे. कधी हलकी चाकं, कधी बोट टेकवताच बदलणारे गिअर. उतरवलेला जुना भाग तो फेकत नसे; घरातल्या जादा सायकलला लावून टाकी. ती जड सायकल बायको चालवायची. ती इस्पितळात सिस्टर होती. पावसाळ्यानंतर ती ग्रुपबरोबर यायला लागली. वजन उतरवायचंय, एवढंच तिनं सांगितलं. तिच्या ब्रेकची रबरं मात्र भराभर झिजत. "ब्रेक खातेस का गं?" असं म्हणत तो ती बदलून देई.

वजनाचं खरं नव्हतं. पावसाळ्यात त्याच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली होती. सायकल चालवा, पण चढावर जोर नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ग्रुपचा नियम याहून कडक होता. एक जण चढावरच कोसळल्यापासून, ज्याला हृदयाचं दुखणं असेल त्यानं सपाट रस्त्यानं जाणाऱ्या दुसऱ्या तुकडीत जायचं. त्या तुकडीला सगळे 'पेन्शनर कंपनी' म्हणत. हे नाव शोरूमनंच ठेवलं होतं.

तेव्हा त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. मागे राहायला कारण हाताशी होतंच. "काय करणार, हिला सोडून कसा येऊ?" असं म्हणून तो वर थोडा वैतागही दाखवी.

माथ्यावरच्या चहाच्या दुकानाशी बाकीचे थांबले होते.

"अरे शोरूम," ग्रुपचा कप्तान ओरडला, "ती महागाची चाकं कशाला आणलीस? त्यापेक्षा वहिनींना मोटर बसवायचीस!"

"मग मलाच मागे टाकेल ती."

सगळे हसले. तीही हसली.

"पुढच्या रविवारी घाट," कप्तान म्हणाला. "दोघं येताय ना?"

"हिचं बघावं लागेल," शोरूम म्हणाला.

ग्रुपमध्ये नुकतीच आलेली वकीलबाई हात पुसत चहाकडे आली. पायथ्याशी तिचं चाक पंक्चर झालं होतं, म्हणून आज ती या दोघांच्याही मागून चढली होती.

"वहिनी, एक विचारू? तुम्ही चढावर ब्रेक का दाबता?"

"मी? छे!"

"तुमचा मागचा दिवा ब्रेक दाबला की भडक होतो ना? अख्ख्या चढावर तो भडक होत होता. मला वाटलं पुढे खड्डे आहेत. मग मीही दाबत आले."

"झाली उलटतपासणी सुरू," कुणीतरी म्हणालं. या वेळी फारसं कुणी हसलं नाही.

"बोटांना सवय लागलीय मेली," ती म्हणाली आणि ग्लासात बघत राहिली.

तो दिवा शोरूमनंच बसवला होता. स्वतःसाठी नवा आणला तेव्हा जुना तिच्या सायकलला लावला होता. चढावर ती कायम त्याच्या मागे असे. तो दिवा त्याला कधी दिसलाच नव्हता.

तो उठला, जादा सायकलपाशी जाऊन वाकला. ब्रेकच्या रबरावरून त्यानं अंगठा फिरवला. मागच्याच महिन्यात बदललेलं रबर झिजून आतल्या पत्र्याला टेकलं होतं.

"परत जाताना तू पुढे हो," तो म्हणाला. "तुझ्या खऱ्या वेगानं जा. जशी जाता येईल तशी."

"आणि तुम्ही?"

"येतो मी."

तिनं एकदा कप्तानाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग हेल्मेटचा पट्टा आवळून निघाली. परतीच्या वाटेवर सुरुवातीलाच एक लहान चढ आहे. आधी निघालेल्या तिघांना तिनं त्या चढावरच मागे टाकलं. तिचा दिवा मंदच राहिला. एकदाही भडकला नाही. वळणावर तो दिसेनासा झाला.

हळूहळू बाकीचे गेले. वकीलबाईही निघाली. कप्तान शोरूमच्या शेजारी बाकावर येऊन बसला.

"घाटाला तुझं नाव धरू?" कप्तानानं हळूच विचारलं.

तेवढ्यात शोरूमचा फोन वाजला. बायकोचा निरोप होता. 'पुलाशी पोहोचले. थांबू का?'

सात वाजून गेले तरी त्यानं दोघांनाही उत्तर दिलेलं नव्हतं.