कोरी भिंत

"नाही म्हणून सांगा त्या मुलीला," बाई म्हणाल्या. "अजून वेळ गेलेली नाही."

मिस्त्रींनी मान वर केली नाही. ते औषधाच्या रिकाम्या खोक्याला विटकरी रंगाचा हात देत होते. ते खोकं आता दुमजली घर झालं होतं.

खरं तर ते मिस्त्री नव्हतेच. नोकरी मोजणी खात्यातली, तीही संपून चार वर्षं झालेली. पण टेबलावर बोटभर उंचीचे सैनिक लढवणाऱ्यांच्या मंडळात त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत, कारण त्या लढायांची गावं तेच बांधून द्यायचे, तीही घरातल्या कचऱ्यातून. चहाचा चोथा वाळवून जमीन, भांड्यांच्या घासणीची झुडपं, आइस्क्रीमच्या काड्यांचे दरवाजे. बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या, म्हणून बारीक रंगकाम त्यांच्याकडे. एकदा तर बाईंच्या कंगव्यातला केसांचा गुंता उचलून या गृहस्थांनी वेल म्हणून भिंतीवर चढवला होता! अठरा वर्षांच्या संसारात भांडणं काय ती एवढीच. गुणी माणूस. फक्त लग्नाआधीचं काही विचारलं की कान खाजवत बसायचे, उत्तर म्हणून मिळायचं नाही. बाईंनी केव्हाच विचारणं सोडून दिलं होतं.

पण ही चष्मेवाली मुलगी त्यांच्या डोक्यातून जाईना. पंधरा दिवसांपूर्वी आली, एक नकाशा पुढ्यात ठेवला. चौक, चार गल्ल्या, भोवती दहा घरं, एक घड्याळाचं दुकान, मध्ये एक बाक. बाकापासून प्रत्येक भिंतीचं अंतर पावलांत लिहिलेलं.

"गाव कुठलं?" मिस्त्रींनी विचारलं होतं.

"मनातलं. नकाशात नाही ते तुमच्या अंदाजानं भरा, काका."

"आणि फौजा किती?"

"ते मी बघते."

तेव्हापासून बाई मिस्त्रींच्या मागे लागल्या होत्या.

"अहो, खेळणारी माणसं अशी पावलं मोजतात का? तिला खरंच कोणाला तरी टिपायचंय. आणि आपण तिला जागा शोधून देतोय."

"तुझं आपलं काहीतरीच!"

"त्या बाकावर कोणीतरी बसत असेल. कोणाचा नवरा, कोणाचा बाप."

मिस्त्रींचा ब्रश थांबला. मग पुन्हा चालू झाला. "खेळ आहे अगं," ते म्हणाले.

खेळाचा नियम बाईंना पाठ होता. आपला डोळा सैनिकाच्या डोळ्याच्या उंचीवर न्यायचा. समोरचा दिसला तर त्याला गोळी लागते, नाही दिसला तर वाचला. त्या दुपारी मिस्त्री टेबलाशी बराच वेळ वाकून बसले. मग त्यांनी घड्याळाच्या दुकानाची कोरी भिंत पुढे ओढली आणि वरच्या मजल्यावर पात्यानं एक खिडकी कापली. गोळ्यांच्या पाकिटाचं प्लॅस्टिक लावून चार काचा केल्या. खालची डावी काच टाचणीनं फोडली.

"चांगली काच का फोडली?"

"बंदुकीला जागा नको? इथून बाक स्वच्छ दिसतो. बाकी सगळ्या जागा फुकट आहेत."

बाईंनी वाकून ती फुटकी काच पाहिली. हेच तर त्या मुलीला हवं असणार! नवऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. ते आंघोळीला गेल्यावर त्यांनी तारेच्या फांद्यांना घासणीचे तुकडे चिकटवले, भलंमोठं झाड केलं आणि बरोब्बर त्या खिडकीसमोर रोवलं. वाकून पाहिलं. बाक दिसेना. त्या बिचाऱ्या अनोळखी माणसाचा जीव आपण वाचवला, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

मिस्त्रींनी झाड पाहिलं आणि तसंच राहू दिलं.

रविवारी सकाळी मुलगी आली. टेबलाभोवती तिनं एक फेरी मारली. मग पर्समधून दोनच बाहुल्या काढल्या. पेपर वाचणारा एक माणूस तिनं बाकावर बसवला. त्याच्या शेजारी एक छोटी मुलगी.

"ही कुठल्या फौजेत?" बाईंनी विचारलं.

"कुठल्याच नाही."

मुलगी गुडघ्यावर बसली आणि तिनं आपला डोळा त्या छोटीच्या डोळ्यापाशी आणला. तिथून ती वर बघत राहिली.

"इथे झाड नव्हतं."

"मी लावलंय," बाई ठासून म्हणाल्या. "आणि ते राहू दे."

मुलीनं झाड उपटलं. मागची खिडकी दिसली. तिनं चष्मा काढून पुसला, परत लावला.

"काकू, ही खिडकीसुद्धा तुमचीच?"

ती झाडावरून चिडली नाही, याचंच बाईंना हायसं वाटलं. "छे गं! ती ह्यांची. ह्यांना कोरी भिंत बघवत नाही. काच फोडायचं खूळही ह्यांचंच."

"नकाशात मी ती मुद्दाम काढली नव्हती." मुलगी बाईंशीच बोलत होती, अगदी हळू. "पोलिसांच्या फोटोतही ती नाही. ते तिसऱ्या दिवशी आले. तोवर कोणीतरी तिथे विटा भरून वर चुना फासला होता. मी सात वर्षांची होते, बाबांच्या शेजारी बसले होते. एकवीस वर्षं सांगतेय, गोळी खिडकीतून आली, तिची खालची डावी काच फुटलेली होती. सगळे म्हणायचे, पोरीनं धसका घेतलाय, तिथे तर कोरी भिंत आहे."

आता हे काहीतरी बोलतील, योगायोग आहे म्हणतील, म्हणून बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

मिस्त्री कान खाजवत होते.