अठरावा रकाना

सतरा रकाने भरून झाले आणि अठराव्याशी तपासनीस अडला. त्याने टॅबलेटवरून मान वर केली आणि कागद वाळवायला कोणतं इंधन वापरता, असं विचारलं.

"ऊन," वहिनी म्हणाली.

वहिनी म्हणजे या हातकागदाच्या कारखान्याची मालकीण. धाकट्या दिराची वहिनी, म्हणून कामावरच्या बाराही बायकांची वहिनी. शिंप्यांकडच्या चिंध्या भिजवायच्या, घोटून लगदा करायचा, चौकटीवर एकेक ताव उचलायचा आणि अंगणातल्या दोऱ्यांना चिमटे लावून वाळत घालायचा, हा इथला सगळा कारभार. वाळला की नाही, ते ती ताव गालाला लावून सांगते. मघाशी तपासनिसाने वाळवणीचं तापमान विचारलं, तेव्हा तिने एक ताव त्याच्याही गालाला लावला होता. तो बिचारा ओशाळून हसला आणि 'नोंद नाही' असं लिहून मोकळा झाला.

माणूस वाईट नव्हता. पाणी मागून घेतलं, काकू काकू करत बोलला. पण बारा घरांच्या चुली त्याच्या त्या एका बोटावर अवलंबून होत्या. इथला सगळा माल ज्या देशात जातो, त्या देशाने नवा कायदा केला होता. जो माल करताना धूर निघतो, त्यावर बंदरात जादा कर. वहिनीला ही गोष्ट मनापासून पटली होती. जो धूर करेल त्याने भरावं, यात चुकलं काय? आता आपल्याला बरे दिवस येणार, असं तिने बायकांना सांगूनही टाकलं होतं.

तपासनिसाने टॅबलेट तिच्यापुढे धरला. रकान्यात चारच नावं होती. वीज, गॅस, तेल, कोळसा. मग शून्य टाका, असं दिराने सुचवलं. शून्य टाकलं की 'माहिती अपूर्ण' म्हणून फॉर्म पुढे सरकत नव्हता. आणि रिकामं सोडलं तर? रिकामं सोडलं तर माणूस काहीतरी लपवतोय असं धरलं जातं, आणि सगळ्यात वाईट आकडा आपोआप लागतो.

"सगळ्यात वाईट म्हणजे कोणता?" दिराने विचारलं.

"कोळशाचा," तपासनीस खाली बघत म्हणाला.

वहिनीला आधी वाटलं, आपणच नीट ऐकलं नाही. बाहेर चारशे ताव उन्हात वाळत होते. इथे कोळशाचा एक तरी खडा दिसतो का, असं तिने त्याला विचारलं. नाही दिसत, हे त्याने कबूल केलं. मग वरच्या कचेरीला तसं कळवा, ती म्हणाली. उन्हातच वाळवणाऱ्या दुसऱ्या एका कारखान्याच्या वेळी त्याने कळवून पाहिलं होतं, तेही दोनदा. इंधनाचं बिल जोडा, असं उत्तर आलं होतं. उन्हाचं बिल कुठे मिळतं, ते मात्र कुणी लिहिलं नव्हतं.

रस्त्यापलीकडची कागद गिरणी गेल्याच आठवड्यात पास झाली होती. दुपारी वारा फिरला की तिच्या धुराड्यामुळे इकडचे ताव घाईघाईने आत घ्यावे लागतात, नाहीतर त्यांच्यावर काजळीचे ठिपके पडतात. पण गिरणीकडे बिलं होती, आणि यंदा कोळसा गेल्या वर्षीपेक्षा जरासा कमी जाळला होता. तेवढ्या सुधारणेवर तिला हिरवा शिक्का मिळाला. वहिनीला सुधारायला जागाच नव्हती. इतकी वर्षं नीट वागल्याची ही शिक्षा, आणि वर त्या फॉर्मवर सहीसुद्धा तिनेच करायची. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

दिराचं डोकं थंड होतं, म्हणून बोलला तोच. कर लागला की गिऱ्हाईक भाव पाडणार, तसं त्यांनी आधीच कळवलं होतं. भाव पडला की तेवढ्याच मजुरीसाठी जास्त ताव काढावे लागणार. पण पावसाळ्याचे चार महिने तर ऊनच नसतं, कामच बंद असतं, मग ते काढायचे कधी? चौघींना तरी घरी बसवावं लागेल, असं तो अगदी हळू म्हणाला. हौदापाशी उभ्या असलेल्या बायकांनी ते ऐकलंच. कुणीतरी लगदा घोटायची मोटर बंद केली.

वहिनी उठून दिरासमोर उभी राहिली.

"भावजी, तो भट्टीवाला दर पावसाळ्याआधी येतो ना आपल्याकडे? कागद वाळवायची भट्टी घ्या म्हणून मागे लागतो, तो."

"तुम्हीच तर त्याला दारातून परत पाठवता, वहिनी. धूर नको म्हणता."

"बोलवून घ्या त्याला. आणि कोळसाही सांगून ठेवा, गाडीभर."

तपासनीस गडबडला. "काकू, असं नका करू. हे सगळं शेवटी हवा स्वच्छ राहावी म्हणूनच..."

"अहो, न जाळता कर भरायचाच आहे, तर जाळून भरते. पावसाळ्यातही काम चालेल, एकीलाही घरी बसायला नको." तिचा आवाज चढला नाही. टॅबलेटवरच्या चौथ्या नावाकडे तिने बोट केलं. "लिहा तुम्ही कोळसा. पुढच्या वर्षी याल, तेव्हा तुमचा फॉर्म खोटा ठरणार नाही."