पद्मावतीच्या मनगटावरचा पट्टा

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मिरजेत शिरगुप्प्यांच्या दारात स्मृतिगृहाची गाडी थांबली. स्मृतिभ्रंशाचा धोका शंभरात ऐंशीवर गेला, की माणसाला तिथे न्यायचं, असा कायदा होऊन चार वर्षं झाली होती. चालणं, झोप, बोलणं, सगळं मनगटावरचा सरकारी पट्टा मोजत असे.

पद्मावतीने नवऱ्याला, भूपालरावांना, घाईने आतल्या खोलीत बसवलं.

परिचारिका म्हणाली, "आजी, आवरा. तुम्हालाच न्यायचंय. तुमचा आकडा एक्क्याऐंशी."

आठ महिने पद्मावती भूपालरावांचा पट्टा बांधून मैल मैल चालत होती, मंदिरात बायकांशी गप्पा मारत होती. तिचा पट्टा बांधून ते खुर्चीत गप्प बसत. दर रविवारी एक दिवस आपापला पट्टा बांधला, की आपला आकडा आटोक्यात राहील, असं तिने धरलं होतं.

"अगं, मी ठणठणीत आहे. विचार काय हवं ते!"

"सगळे असंच म्हणतात, आजी. आजोबा बघा, तेवीस! घर सांभाळतील की."

खरं सांगितलं तर हे लोक भूपालरावांना नेणार. नाही सांगितलं तर ते घरात एकटे, आणि कालच त्यांनी रिकामं पातेलं तासभर गॅसवर ठेवलं होतं.

तेवढ्यात ते दारात आले. "जाऊन ये. मी आहे ना घरी."

हल्ली ते दिवसातून वीसदा हेच म्हणत.

"किती समजूतदार!" परिचारिका हसली आणि तिने सहीसाठी कागद पद्मावतीपुढे केला.

आठ वाजता गाडी दारातच होती. कागदावर सही झाली नव्हती.